पापाची कमाई आणि राजाचा हिस्सा



आषाढी झाली, वारकरी घरी परतले, की बिबवेवाडीसारख्या वस्तीत दुसरी एक लगबग सुरू होते. प्राप्तिकराचे विवरणपत्र भरायची. एरवी त्याची मुदत ३१ जुलैला संपते, म्हणजे वारीचा शिणवटा पुरता उतरलेला नसतो तोच सीएकडे कागद नेऊन द्यावे लागतात. आमच्या भजनी मंडळात मार्केट यार्डातले आडते आहेत, हमाल आहेत, अप्परचे रिक्षावाले आहेत, बँकेतून निवृत्त झालेले दोघे-तिघे आहेत. एकादशीचा हरिपाठ झाल्यावर फराळाच्या ताटावर एकाने सहज विचारले, "मटकेवाला, हातभट्टीवाला, बुधवार पेठेतली बाई, यांनाही कर भरावा लागतो का हो? आणि लागत असेल, तर तो घेणारे सरकार त्या पापाचे वाटेकरी झाले की नाही?"

एक म्हणाले, पाप ते पाप, त्याला हात लावणारा विटाळलाच. दुसरे म्हणाले, जो आपला वाईट धंदाही सांगून कर भरतो तो आपल्यातल्या पुष्कळ सभ्य माणसांपेक्षा बरा. दोन्ही वाक्ये ऐकायला चांगली वाटली, पण मला दोन्ही अपुरी वाटली. म्हणून हा प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो आहे. हा काही निव्वळ कायद्याचा प्रश्न नाही. आपल्या दिंडीच्या पंगतीपर्यंत तो येऊन पोहोचतो, ते पुढे सांगेन.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १९६१ चा प्राप्तिकर कायदा उत्पन्न विचारतो, ते पवित्र आहे की अपवित्र हे विचारत नाही. आता त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला तरी हे तत्त्व तसेच आहे. धंदा बेकायदा आहे म्हणून कर माफ, असे कुठेही लिहिलेले नाही. आणि तसे लिहिले असते तर काय झाले असते, याचा विचार करा. प्रामाणिक भाजीवाल्याने कर भरायचा आणि तस्कराने 'माझा धंदाच मुळी गुन्हा आहे' म्हणून सुटायचे. गुन्ह्याला बक्षीस मिळाल्यासारखे झाले असते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८० साली असाच एक खटला आला होता. सप्टेंबर १९५८ मध्ये एक माणूस सीमा ओलांडून पाकिस्तानात जाताना पकडला गेला. त्याच्याजवळ ६५,५०० रुपयांच्या नोटा निघाल्या. तिकडे सोने घ्यायचे आणि चोरून इकडे आणायचे, हा त्याचा धंदा. नोटा जप्त झाल्या, आणि प्राप्तिकर खात्याने त्याच्यावर करही बसवला. तेव्हा तो म्हणाला, तुम्ही माझा धंदा धंदा म्हणून धरता, तर माझ्या जप्त झालेल्या नोटा हे माझ्या धंद्यातले नुकसान आहे, तेही धरा. न्यायालयाने त्याचे म्हणणे मान्य केले. वाचून हसू येते, पण विचार केला तर त्यात एक सरळपणा आहे. हिशेब करायचा तर दोन्ही बाजूंनी करायचा. नफ्यापुरता धंदा आणि तोट्यापुरता गुन्हा, असे सरकारला म्हणता येणार नाही.

पुढे २००६ साली हेरॉइन जप्त झालेल्या एका डॉक्टरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले, आणि वर हेही स्पष्ट केले की, अशा प्रकरणांचा निवाडा न्यायाधीशाच्या स्वतःच्या नैतिक मतांवर होत नाही, कायद्यावर होतो. मधल्या काळात, १९९८ मध्ये, संसदेने मात्र एक दार लावून घेतले होते. जो खर्च गुन्ह्यासाठी किंवा कायद्याने मना केलेल्या कामासाठी केला, तो धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळणार नाही. या दुरुस्तीचा खुलासा करणाऱ्या परिपत्रकात खंडणी आणि लाच यांच्या शेजारी चक्क 'हप्ता' हा शब्द आला आहे. दिल्लीच्या इंग्रजी कागदात जाऊन बसायला आपल्या बोलीतला हाच शब्द निवडला जावा, याचे मला जरा वाईटच वाटते.

याहून लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आणखी एक आहे. पैसा कुठून आला हे ज्याला सांगता येत नाही किंवा सांगायचे नसते, त्याच्या पैशावर २०१६ साली, नोटबंदीच्या वर्षी, कराचा दर ६० टक्के केला गेला, आणि अधिभार त्यावर वेगळा. म्हणजे कायदा वाईट कमाईपेक्षा लपवलेल्या कमाईवर जास्त रागावतो. सांगितलेल्या धंद्याला साधा दर, न सांगितलेल्या पैशाला जबर दर.

हे आपल्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेत १९१३ च्या कायद्यात 'कायदेशीर धंदा' असे शब्द होते, पुढे त्यातला 'कायदेशीर' हा शब्द काढून टाकला गेला. १९२७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चोरटी दारू विकणाऱ्यालाही विवरणपत्र भरायला लावले. खून आणि दारूच्या धंद्यात ज्याला कोणी हात लावू शकले नाही तो अल कपोन १९३१ साली अखेर कर चुकवल्याबद्दल अकरा वर्षांच्या शिक्षेवर गेला. आणि इंग्लंडमध्ये १९९० साली देहविक्रय करणाऱ्या एका बाईच्या खटल्यात न्यायालयाने तिचे उत्पन्न करपात्र ठरवले, तेव्हा तिचा प्रश्न असा होता : माझ्या अनैतिक म्हटलेल्या कमाईवर जगणारा माणूस तुमच्या कायद्यात गुन्हेगार ठरतो, मग तीच कमाई घेणारे सरकार कोण?

माउली, तिच्या या प्रश्नाला आपल्याकडेही धार आहे. आपल्या १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात सज्ञान स्त्रीने स्वतःच्या इच्छेने देहविक्रय करणे हा मुळात गुन्हाच नाही. गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवणे, दलाली करणे, पळवून आणणे, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणे. आणि तिच्या कमाईवर जाणूनबुजून जगणाऱ्या सज्ञान माणसाला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मग तिच्याकडून कर घेणारी तिजोरी?

आपल्या जुन्या ग्रंथकारांना हा प्रश्न सुचला नव्हता असे समजू नका. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गणिकांवर देखरेख ठेवणारा स्वतंत्र अधिकारी आहे, मद्यावर देखरेख ठेवणारा आहे, द्यूतावरही आहे. जुगारात जो जिंकेल त्याच्या जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राजाचे, आणि रूपावर उपजीविका करणाऱ्या स्त्रियांनीही दरमहा राजाला ठरावीक हिस्सा द्यायचा. पण त्याच्याच बरोबर त्या स्त्रियांवर जबरदस्ती करणाऱ्याला दंडही सांगितला आहे. म्हणजे राजा नुसता घेत नव्हता, घेतल्याच्या बदल्यात काही देणे त्याच्याकडे लागत होते.

मनुस्मृतीत याहून मोठी गोष्ट आहे. त्या ग्रंथाशी आपल्या संतांचे आणि आपलेही किती मतभेद आहेत ते मला माहीत आहे, पण हा एक विचार बाजूला ठेवण्यासारखा नाही. प्रजेचे रक्षण करणाऱ्या राजाला प्रजेच्या पुण्याचा सहावा भाग मिळतो, आणि रक्षण न करणाऱ्याला प्रजेच्या पापाचा सहावा भाग. हिस्सा दोन्हीकडे सहावाच आहे. राजाच्या पदरात पुण्य पडते की पाप, हे त्याने पैसा कोणाकडून घेतला यावर ठरत नाही, घेतल्यावर त्या माणसाचे रक्षण केले की नाही यावर ठरते.

हे मला पटते, आणि या मापाने बुधवार पेठेचा हिशेब मांडून पाहा. दगडूशेठच्या दर्शनाला आपण जातो, त्या देवळापासून ती गल्ली हाकेच्या अंतरावर आहे. तिथली बाई आज प्राप्तिकर भरत असेल-नसेल. मिळालेल्या पैशातला वाटा घरवालीला, वाटा खोलीला, वाटा आणखी कोणाकोणाला गेल्यावर तिच्या हातात जे उरते ते बहुधा कराच्या मर्यादेच्या आतलेच असणार. पण साबण घेताना, औषध घेताना, मोबाइल रिचार्ज करताना ती कर भरतेच. कोणताही दुकानदार तिला 'तुझा पैसा नको' म्हणत नाही. मग तिच्या पैशाचा हा भाग तिजोरीत बिनबोभाट जात असताना, तिला त्या तिजोरीकडून काय मिळत आले? आधार कार्डासाठी पत्ता मागितला तर देता येईना, रेशन कार्ड निघेना, बँकेत खाते उघडेना. करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले तेव्हा ओळखपत्राचा हट्ट न धरता या बायकांना कोरडा शिधा देण्याची सोय झाली, आणि महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांसाठी दरमहा ५,००० रुपये, आणि जिची मुले शाळेत जातात तिला २,५०० जास्त, असे साहाय्य दिले. मग १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, या स्त्रियांनाही इतर कोणाही नागरिकासारखा सन्मानाने जगण्याचा हक्क आहे आणि पत्त्याच्या पुराव्यावाचून त्यांना आधार कार्ड मिळावे. देश स्वतंत्र होऊन पंचाहत्तर वर्षे होत आली तेव्हा ही गोष्ट सांगावी लागली. तोपर्यंत घेणे चालू होते आणि देणे बंद होते. सहावा भाग कोणता पडला असेल, ते तुम्हीच मोजा.

आता दुसरी बाजू. कर भरला म्हणजे कमाई शुद्ध झाली का?

वाल्या कोळ्याची गोष्ट लहानपणी ऐकलेली नाही असा वारकरी नसेल. लुटून आणलेले घरच्यांनी खाल्ले, पण नारदांच्या सांगण्यावरून तो विचारायला गेला की माझ्या पापात वाटा घ्याल का, तेव्हा बायको-मुलांनी हात झटकले. खाणे वेगळे, वाटा घेणे वेगळे. सरकारही त्या घरच्यांसारखेच आहे. त्याने तुमच्या कमाईतला हिस्सा घेतला म्हणून तुमच्या कर्मातला हिस्सा ते उचलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्या तस्कराचा तोटा मान्य केला, तस्करी मान्य केली नाही. जो म्हणतो 'मी टॅक्स भरतो, आता मला कोण विचारणार', त्याने कोषागाराच्या चलनाला माफीचा कागद समजलेले आहे.

आणि उलट बाजूने पाहायचे तर दामाजीपंत आहेत. मंगळवेढ्याला बेदरच्या बादशहाचे कोठार त्यांच्या ताब्यात. दुष्काळ पडला, माणसे मरू लागली, आणि पंतांनी धान्याची कोठारे खुली केली. ते धान्य सरकारचे होते, म्हणजे रयतेकडून वसूल केलेले, बादशहाच्या हक्काचे. कायद्याने पाहिले तर अफरातफर, आणि धर्माने पाहिले तर त्याहून मोठे पुण्य शोधून सापडणार नाही. मग विठ्ठलाने काय केले? महिपतींनी भक्तविजयात ही कथा सांगितली आहे, आणि तुम्ही ती कीर्तनात पन्नास वेळा ऐकली असेल, पण या नजरेने एकदा पुन्हा पाहा. देव बादशहाकडे जाऊन असे म्हणाला नाही की, माझ्या भक्ताने पुण्य केले आहे, तुझे देणे माफ कर. तो विठू महाराचे रूप घेऊन बेदरला गेला, सगळ्या धान्याचे पैसे दरबारात मोजून दिले, आणि पावती घेतली. कीर्तनकार पैशाच्या पिशवीचा चमत्कार रंगवून सांगतात. मला त्या पावतीचे जास्त नवल वाटते.

ज्याने सगळ्या जगाला वाचवले असते त्याचेही राजाचे देणे चुकले नाही. पुण्याने सूट मिळाली नाही, तर पापाने कशी मिळेल? म्हणून मटकेवाल्याने, बेकायदा सावकाराने कर भरलाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र दामाजीपंतांची पावती दामाजीपंतांची होती. त्यांच्या पदरी जे पुण्य पडले ते भुकेल्याच्या तोंडात गेलेल्या घासाचे, बादशहाच्या शिक्क्याचे नव्हे. तसेच इथेही. मटकेवाल्याची पावती खरी, पण जिच्या नवऱ्याची मजुरी त्या आकड्यावर गेली तिच्या घरात त्या पावतीने चूल पेटत नाही.

यापुढचे थोडे कडू आहे. हर्षद मेहताचा रोखे घोटाळा १९९२ साली मुंबईत उघडकीस आला तेव्हा त्यासाठी खास कायदा झाला, विशेष न्यायालय बसले, मालमत्ता जप्त झाल्या. त्या विकून येणारा पैसा कोणाला आधी द्यायचा, याचा क्रम त्या कायद्यातच लिहिला आहे. पहिला मान केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्थांच्या करांचा. दुसरा ज्या बँकांचे पैसे गेले त्यांचा. मग इतरांचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये या पहिल्या मानाला थोडी मर्यादा घातली, दंड आणि व्याज त्यात बसत नाही असे सांगितले, पण क्रम तोच राहिला. म्हणजे लुटीच्या मालातला राजाचा सहावा भाग आधी आणि ज्याचे लुटले तो मागे. सरकारची तिजोरी सर्वांची, तिच्यात गेलेले सर्वांचेच झाले, हे उत्तर मला ठाऊक आहे. तरीही ते मला पटत नाही. ज्याच्या ताटातून घास काढला त्याला तो परत देणे पहिले, मग बाकी सगळे.

आपल्याच राज्याच्या एका कायद्याने हे ओळखले आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात, परवाना नसलेल्या सावकाराने कर्जापोटी जमीन बळकावली असेल तर चौकशी करून जिल्हा निबंधक ती मूळ मालकाला परत देववू शकतो. पंधरा वर्षांपर्यंतचे व्यवहार त्यात उघडता येतात. तुकोबांच्या गावापासून काही कोसांवर राहणाऱ्या आपल्या लोकांना याचे वेगळे काही सांगायला नको. त्यांचे घराणे महाजनकीचे, सावकारीचे. दुष्काळानंतर त्यांनी भावाशी कर्जखतांची वाटणी केली आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली. लक्षात घ्या, ती सावकारी बेकायदा नव्हती, चोरटीही नव्हती. त्या काळच्या रीतीने ती स्वच्छ कमाई होती, आणि तरी त्यांना ती कुळांच्या गळ्यातला फास वाटली. त्यांनी दान दिले असते, देऊळ बांधले असते, तर लोकांनी नावाजले असते. त्यांनी ज्याचे त्याला मोकळे केले. पैसा कसा मिळवावा आणि कोणत्या मनाने खर्चावा, यावरचा त्यांचा अभंग तुम्हांला पाठ आहे, तो इथे लिहीत नाही. तो ज्याने लिहिला त्याने आधी खते पाण्यात सोडली होती, एवढेच ध्यानात असू द्या.

सुरुवातीला म्हटले की हा प्रश्न आपल्या पंगतीपर्यंत येतो, तो असा. दिंडीला अन्नदान लागते. एखादा गृहस्थ येतो, एका मुक्कामाच्या जेवणाचा सगळा खर्च माझा म्हणतो, बदल्यात मंडपावर फ्लेक्स लावा म्हणतो. त्याचा धंदा काय आहे ते गल्लीतल्या पोराला ठाऊक असते. आपण काय करतो? पावती फाडतो. कोणी हटकले तर म्हणतो, पंक्तीत बसलेल्यांना काय माहीत, अन्न ते अन्न. आणि त्याच दिवशी बुधवार पेठेतून एखादी बाई पालखीच्या दर्शनाला येते, ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत असते, तुकोबांची नाना पेठेत, तिला काही लांब नाही, आणि ती शंभराची नोट पुढे करते, तेव्हा आपला हात किंचित मागे जातो. खरे सांगा, जातो की नाही?

मला हा हात उलटा वाटतो. त्या बाईने कोणाला लुबाडले? तिला लुबाडले गेले असेल. तिच्या हातातली नोट संध्याकाळपर्यंत कोणा नोकरदाराच्या, दुकानदाराच्या खिशात होती, तिच्यावर रीतसर कर कापला गेला होता, आणि तोवर ती चांगली नोट होती. खिशातून निघून तिच्या हातात पडली तेवढ्यात ती कशी बाटली? बाटली असेल तर देणाऱ्याच्या हाताने बाटली असेल. एकाच वाक्यात मटकेवाला, हातभट्टीवाला आणि बुधवार पेठेतली बाई असे तिघांना ओवणे हीच आमच्या त्या दिवशीच्या चर्चेतली पहिली गफलत होती. विषारी दारू पाजणारा, मुली विकणारा, व्याजाने जमिनी गिळणारा, यांच्या कमाईला दुसऱ्याचे रडणे चिकटलेले आहे. तिच्या कमाईला चिकटलेले असेल तर तिचे स्वतःचे.

वारकऱ्याने तरी हा भेद विसरू नये, कारण मंगळवेढ्याचीच दुसरी कथा आपल्याकडे आहे. शामा नायकिणीची मुलगी कान्होपात्रा. आईच्या धंद्याला नकार देऊन ती पंढरीला आली, बेदरच्या बादशहाने तिला न्यायला माणसे पाठवली, आणि तिने विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवला. तिला गुरू नव्हता, कुळाचे नाव नव्हते. पण देवळाच्या आवारात जिथे तिला पुरले तिथे तरटीचे झाड उगवले, असे आपण सांगतो आणि पंढरपूरला जाऊन त्या झाडाला हात लावतो. कान्होपात्रेने धंदा नाकारला म्हणून ती संत, असे म्हणून आपण सुटका करून घेतो. पण तिच्या आईच्या, शामेच्या घरातले अन्न खाऊनच ती वाढली ना? त्या अन्नात विठ्ठलाला काही खुपले नाही.

आणि सरकारच्या पैशाचे काय? २०२४ साली राज्य सरकारने प्रत्येक दिंडीला २०,००० रुपये देण्याचे जाहीर केले तेव्हा आपल्यात घ्यावे की घेऊ नये यावर बरीच बोलाचाली झाली. स्वाभिमान, राजकारण, परंपरा हे सगळे मुद्दे निघाले. राज्याच्या तिजोरीत दारूवरच्या उत्पादन शुल्काचा मोठा वाटा असतो, हा मुद्दा मी तरी फार कोणाच्या तोंडून ऐकला नाही. आषाढी एकादशीला ज्या दुकानांना टाळे लागते त्यांनीच बाकीचे दिवस भरलेला तो पैसा. केंद्राच्या पैशातून ज्ञानोबा-तुकोबांच्या नावाचे पालखी मार्ग रुंद झाले, त्यातही कोणाकोणाचा प्राप्तिकर आहे कोण जाणे. तिजोरीत गेलेला पैसा वेगळा काढता येत नाही, नदीला मिळालेला ओढा वेगळा काढता येत नाही तसा. त्यामुळे त्या रस्त्यावर चालू नका असे मी म्हणणार नाही. पण ज्या वाटेवर आपण चालतो तिला सगळ्यांच्या कमाईचा, बऱ्या-वाईटाचा, हात लागलेला आहे, हे मनात असले तर पुढच्या वेळी नोट पुढे करणाऱ्या बाईकडे पाहताना नजर वेगळी राहील.

खासगी दात्याचे मात्र तसे नाही. तिथे पैसा मिसळून गेलेला नसतो, देणारा समोर उभा असतो, आणि आपल्याला विचारायची सोय असते. माझे मत असे की, त्याला पावतीपुस्तक दाखवण्याआधी म्हणावे, बाबा रे, आधी ज्याचे घेतलेस त्याचे परत कर, मग ये, तुझ्या हातची चटणी-भाकरीही आम्ही गोड मानू. फ्लेक्स तर नकोच. एका मुक्कामाला जेवण साधे झाले तर वारी थांबत नाही.

एक राहिले, आणि ते आपल्याबद्दल आहे. 'कर भरणारा मटकेवाला सभ्य माणसांपेक्षा बरा' असे जे म्हणाले, त्यांचे वाक्य मी अपुरे म्हटले, खोटे म्हटले नाही. बिबवेवाडीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने देऊन रोख भाडे घेणारे, आणि ते विवरणपत्रात न लिहिणारे, आपल्यात किती आहेत? फ्लॅट घेताना अमुक चेकने आणि तमुक रोख, हे ऐकून कोणाची भुवई तरी वर जाते का? कार्यालयवाला 'बिल पाहिजे का बिनबिलाचे' विचारतो तेव्हा आपण काय सांगतो? दुसऱ्याच्या नावावरची शेती दाखवून शहरातले उत्पन्न शेतीचे करणारे तर टाळकऱ्यांच्या पहिल्या रांगेतही सापडतील. हे धंदे पांढरे, माणसे माळकरी, आणि पैसा मात्र लपवलेला. कायदा कोणावर जास्त रागावतो ते वर सांगितलेच आहे. बुधवार पेठेची कमाई पापाची की नाही यावर आपण चहा थंड होईपर्यंत बोललो. वरच्या खोलीच्या भाड्यावर कोणी बोलले नाही, कारण बसलेल्यांपैकी निम्म्यांची खोली होती.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या वाचकांत सीए आहेत, करसल्लागार आहेत, बँकेत काम करणारे आहेत. तुमच्याकडे अशी एखादी बाई आली आणि म्हणाली की मला विवरणपत्र भरायचे आहे, तर तिला परत पाठवू नका. धंद्याच्या रकान्यात काय लिहायचे म्हणून अवघडू नका, ते कायद्याने कसे बसते ते पाहणे हेच तुमचे काम आहे. तिला कर लागेल न लागेल, नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत बहुधा लागणारही नाही. पण तो कागद तिला हवा असतो तो वेगळ्या कारणासाठी. मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेली तर बँक उत्पन्नाचा पुरावा मागते. खोली सोडून दुसरीकडे राहायला जायचे तर घरमालक मागतो. गेली कित्येक वर्षे तिच्याकडे दाखवायला काही नव्हते. तीन वर्षांची विवरणपत्रे असतील तर मुलीचे कर्ज होते, आणि मुलगी त्या गल्लीच्या बाहेर शिकायला जाते.